एल्वेदच्या कोटाचा वास

“टेगवेन, तुझ्या नवऱ्याच्या कोटाला हल्ली काय सुरेख वास येतो गं!” पोस्टाच्या काउंटरमागून लाउरी म्हणाली. “दालचिनी काय, लवंग काय, जायफळ काय! काल तिकिटं घ्यायला आला तर माझ्या तोंडाला पाणीच सुटलं. पाव भाजलास वाटतं काल?”

टेगवेननं काल पाव भाजलेला नव्हता. काल तिनं दिवसभर पडदे धुतले होते आणि दुपारी बटाट्याचं सूप केलं होतं. पण गाव जिला ‘लाउरी पोस्ट’ म्हणायचं तिच्यासमोर असं काही बोलणं म्हणजे चॅपेलच्या घंटेला दोर बांधून तो गावाच्या हातात देणं. त्या बाईच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. पत्र नुसतं हातात धरून ती आतली बातमी सांगायची.

“भाजला की,” टेगवेन म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

घरी येऊन तिनं आधी दार लावलं. एल्वेद मेंढ्यांकडं गेला होता आणि त्याचा रविवारचा कोट दारामागं खुंटीला होता. टेगवेननं तो खाली काढला, बाहीत तोंड खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला.

काही नाही. थंड हवा नुसती.

कॉलर हुंगली, खिसे उलटे करून हुंगले, अस्तर हुंगलं. कोट कापडाचा असावा की दगडाचा, इतपतही तिला वासावरून सांगता येईना. ती तशीच कोट पोटाशी धरून जिन्याच्या पायरीवर बसली, आणि तिला रडू आलं. राग लाउरीचा होता, एल्वेदचा होता, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या नाकाचा होता.

कारण टेगवेनचं नाक मेलं होतं. मागच्या हिवाळ्यात तापाची साथ आली, ती पंधरवडाभर अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा ताप गेला होता आणि जाताना वास घेऊन गेला होता. वासापाठोपाठ चवही गेली. मीठ खारट लागायचं, साखर गोड लागायची, बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. हे तिनं कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही, डॉक्टरलाही नाही आणि नवऱ्यालाही नाही. सांगणार कशी? सगळं ग्लानरावॉन गाव तिच्या नाकाला ओळखत होतं. तिची आई घड्याळ न बघता, नुसत्या वासावर, अंगणातून ओरडायची, ‘काढ गं पाव!’ आणि पाव अगदी हवा तसा असायचा. तेच नाक टेगवेनला मिळालं होतं. चॅपेलच्या प्रत्येक चहाला, मयताच्या असो की बारशाच्या, बारा ब्रीथ, म्हणजे मनुका-बेदाणे आणि मसाला घातलेला गोड पाव, असायचा तो टेगवेनचा. दुसऱ्या कोणी आणला तर लोक तो शेवटी उचलायचे, तोही भीड म्हणून.

नाक गेलं हे एकदा बाहेर फुटलं की संपलं. आज लोक कीव करतील, उद्या म्हणतील, ‘राहू दे टेगवेन, तू कशाला त्रास घेतेस.’ मग तिच्याकडं उरणार काय? मूलबाळ नव्हतं. एक पाव होता आणि एक नवरा होता.

आणि आता नवऱ्याच्या कोटाला मसाल्याचा वास येत होता म्हणे.

एकदा संशयाची पाल चुकचुकली की माणसाला साधं काही दिसतच नाही. टेगवेन एकेक आठवत गेली. एल्वेद हल्ली हात धुऊन घरी यायचा. हा माणूस, जो उभ्या जन्मात मेंढी सोडून थेट ताटावर बसला, तो आता नखंसुद्धा घासून यायचा! घरात पाव कापला की एक तुकडा, त्यावर बोटभर लोणी, वर दोन घोट चहा, आणि उठायचा. पोट बिघडलं म्हणून सारखा सोडा प्यायचा. बाहेर कोणी भरवत असेल तर घरी भूक कशी लागेल? शिवाय चॅपेलला पाव पोचवायचं कामही उन्हाळ्यापासून त्यानं स्वतःकडं घेतलं होतं. ‘पायवाट निसरडी झालीय, तू नको, मी नेतो.’ जुलैत नेला, ऑगस्टात नेला. ऑगस्टात कसली निसरडी पायवाट? आणि शनिवारी दुपारी चॅपेलचा बॉयलर दुरुस्त करायला जायचा. त्या बॉयलरला असा कोणता असाध्य रोग झाला होता देव जाणे.

बॉयलर होता चॅपेलला लागून असलेल्या घरात. आणि त्या घरात राहायची नेस्टा.

नेस्टा विधवा होती, चॅपेलची झाडलोट बघायची, चहाची भांडी सांभाळायची. गोल चेहऱ्याची, हसरी. टेगवेनला ती कधी आवडली नव्हती, आणि न आवडायला काही कारण नव्हतं म्हणून ती आणखीच आवडली नव्हती. एकदा चहाच्या वेळी नेस्टा सगळ्यांसमोर म्हणाली होती, “टेगवेनच्या पावापुढं आपण हात टेकले बाई!” तेव्हा टेगवेन सुखावली होती. आता वाटलं, एवढं गोड बोलणाऱ्या बाईच्या पोटात काहीतरी असणारच.

शनिवार आला. एल्वेदनं जेवण अर्धं टाकलं, सोडा प्याला, हातात पाना घेतला.

“बॉयलर?” टेगवेननं विचारलं.

“बॉयलर,” तो म्हणाला. “परवा सुगीची थँक्सगिव्हिंग प्रार्थना. पोरंटोरं गारठतील गं हॉलमध्ये.”

“काळजी आहे बाबा तुला पोरांची.”

“तर काय,” म्हणून तो गेला. टेगवेननं डोक्याला रुमाल बांधला आणि मागोमाग निघाली. आपल्या नवऱ्याच्या मागं चोरासारखं चालायची वेळ यावी, याची तिला लाज वाटत होती. पण लाजेनं काही पाय थांबत नाहीत.

एल्वेद चॅपेलघराच्या मागच्या दारानं आत गेला. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, सरळ आत! टेगवेन स्मशानाच्या भिंतीआड, ओवेन कोळसेवाल्याच्या कबरीवरच्या नव्या दगडाशेजारी उभी राहिली. स्वयंपाकघराची काच वाफेनं धुरकटली होती. खिडकीत आतल्या बाजूला एक तपकिरी वाडगा होता, त्यावर बशी झाकलेली. आत नेस्टा हसली. मग एल्वेद काहीतरी म्हणाला आणि दोघं हसली. एल्वेद असा मोकळा हसल्याला किती दिवस झाले होते, ते टेगवेनला आठवेना. पाना मात्र दाराबाहेर पायरीवरच पडला होता. बॉयलर दुरुस्त करणारा माणूस पाना बाहेर ठेवून आत जातो होय?

‘अस्सं,’ ती मनात म्हणाली. ‘कुठं पाणी मुरतंय ते कळलं आता.’

पण टेगवेन काही आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. पुरावा हवा. घरी येऊन तिनं थँक्सगिव्हिंगचा पाव करायला घेतला. फडताळातून मनुका-बेदाण्यांचा डबा काढला, पिठात चरबी चोळली, यीस्ट कोमट दुधात सोडलं. तिच्या घराण्यात यीस्टशिवाय पाव होत नसे. हा तिचा आणि एल्वेदचा लग्नापासूनचा वाद. एल्वेद खाली दक्षिणेचा, कार्मार्थनकडचा, खाणीची लॉरी चालवत इकडं आला आणि राहिला. तिकडची माणसं बेदाणे रात्रभर चहात भिजवतात, दुसऱ्या दिवशी त्यात पीठ कालवतात आणि भाजतात. यीस्ट नाही, मळणं नाही, काही नाही.

“बारा म्हणजे पाव,” टेगवेन सांगायची. “नावातच सांगितलंय ना? पावाला यीस्ट लागतं. तुझ्या आईचा तो केक. चहात बुडवलेला हुन्टूचा केक!”

हुन्टू म्हणजे दक्षिणेकडचा माणूस. इकडं उत्तरेत हा शब्द लाडानंही म्हणतात आणि शिवी म्हणूनही, आणि टेगवेन दोन्ही एकदम म्हणायची. एल्वेद हसून म्हणायचा, “खाऊन तरी बघ.” गावात नेस्टासकट सगळे यीस्टवाले. चहावाला असा सगळ्या ग्लानरावॉनमध्ये तो एकटाच.

पीठ फुगलं. टेगवेननं बोटानं दाबून पाहिलं, खळगा हळूहळू भरून आला. नाक नसलं तरी बोट होतं. भाजल्यावर पाव उलटा करून टिचकी मारली, पोकळ वाजला. मग विणायची सुई घेतली आणि पावाच्या बुडाला, कडेपासून कडेपर्यंत, भोकांची एक रांग टोचली. कुठलीही चकती कापली तरी तिच्या बुडाला भोक सापडलंच पाहिजे.

सोमवारी सकाळी तिनं पाव स्वच्छ पंच्यात बांधून एल्वेदच्या हातात दिला. “जपून हं,” ती म्हणाली. “पायवाट निसरडी आहे.”

तो तिच्याकडं बघत राहिला क्षणभर. मग पाव घेऊन गेला.

प्रार्थना झाली, गाणी झाली, म्हातारे पाद्री मिस्टर ह्यूज नेहमीप्रमाणं पिकापाण्यापासून मेंढ्यांच्या लोकरीपर्यंत सगळ्याबद्दल देवाचे आभार मानून थकले. मग सगळे मागच्या हॉलमध्ये चहाला आले. लांब टेबल, पांढरी चादर, मधोमध टेगवेनच्या बशा. पातळ चकत्या, वर लोणी. लाउरी पोस्ट आधीच खात होती. “लव्हली, टेगवेन! लव्हली!”

टेगवेननं कडेची चकती उचलली आणि उलटी केली. बूड सपाट होतं. भोक नाही. दुसरी उलटी केली. नाही. मधली ओढून काढली. तिलाही नाही. तिनं बोटानं पाव दाबला. तिचा पाव दाबला की परत वर येतो. हा आला नाही. ओलसर, जड, दाबला तिथंच बसला.

म्हणजे नवराही नेला आणि पावही नेला! इतके महिने लोक तिच्या नावानं दुसऱ्या बाईचं खात होते आणि ती मान डोलावत होती. नाक कापलं म्हणतात ते यालाच.

“नेस्टा!” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. कप खाली ठेवल्याचे आवाज आले. “नेस्टा, हा पाव माझा नाही.”

किटली घेतलेली नेस्टा जागच्या जागी थांबली. तिचा गोल चेहरा पांढरा पडला. “टेगवेन, अगं, नंतर बोलू की आपण.”

“नंतर का? आत्ता बोलू. माझा पाव कुठं गेला? आणि हा कोणाचा?”

“तुझाच गं,” लाउरी घाईघाईनं म्हणाली. “खाऊन बघ ना. चव तुझीच आहे.”

खाऊन बघ. सगळे तिच्याकडं बघत होते. टेगवेननं घास तोंडात घातला आणि चावला. गोड होतं. त्यापलीकडं ओला पुठ्ठा. ती चावत राहिली, आणि चावता चावता तिला लोकांचे चेहरे दिसले. ते नेस्टाकडं बघतच नव्हते. चोरी पकडली गेली की लोक चोराकडं बघतात. हे सगळे तिच्याकडं बघत होते, श्वास रोखून, जसं एखादं पोर कठड्यावर चढलं की बघतात तसं. मिस्टर ह्यूज तर डोळे मिटूनच बसले होते.

त्यांना काय माहीत होतं?

तिनं हातातल्या चकतीकडं पुन्हा पाहिलं. बेदाणे टपोरे फुगलेले, पाव आतून तपकिरी. चहाचा तपकिरी. तिला खिडकीतला वाडगा आठवला, बशी झाकलेला. नेस्टा? नेस्टाची आजी यीस्टवाली, आई यीस्टवाली. नेस्टा मरेल पण बेदाणे चहात भिजवणार नाही. मग या गावात चहात बेदाणे भिजवणारं माणूस कोण?

एल्वेद स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बाह्या वर केलेल्या, हातात कपांचा ट्रे. ट्रेमधले कप किणकिणत होते. परक्या बाईकडं जाणारा नवरा असा उभा राहत नाही. असा उभा राहतो तो परीक्षेत कॉपी करताना सापडलेला पोरगा.

टेगवेनला सगळं नाही कळलं. पण आपल्या पावाचं काहीतरी झालंय, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि तिला एकटीला ठाऊक नाही, एवढं कळलं. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं, जगानं पाहिलं नाही. खाली बसून तोंड झाकून घ्यावंसं वाटलं. पण ट्रे धरलेल्या त्या माणसाला तसंच सगळ्यांसमोर उभं ठेवायचं?

तिनं घास गिळला.

“हा पाव माझा नाही,” ती पुन्हा म्हणाली. “कारण हा पावच नाही. हा केक आहे. आमच्या घरच्या हुन्टूचा केक!”

मग मिस्टर ह्यूजनी डोळे उघडले, “केक तर केक,” म्हणाले आणि आणखी एक चकती उचलली. हसणं सगळ्या टेबलावरून पसरत गेलं. नेस्टा तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून आत पळाली. लाउरी ओरडली, “एल्वेद, मेल्या, तू? म्हणून कोटाला वास होय!”

घरी जाताना पायवाट कोरडी ठणठणीत होती.

“कधीपासून?” टेगवेननं विचारलं.

“ओवेन कोळसेवाल्याच्या मयतापासून.”

“काय झालं होतं त्या पावाला? खरं सांग.”

एल्वेदनं टोपी काढली, परत घातली. “रॉकेल. रॉकेलचा वास येत होता गं. तू हीटरचा कॅन फडताळात ठेवतेस ना, बेदाण्यांच्या डब्याखाली? त्या डब्याचं झाकण नीट बसत नाही.”

टेगवेन थांबली. “आणि लोकांनी खाल्ला?”

“सगळ्यांनी खाल्ला. लाउरीनंसुद्धा. एक शब्द कोणी बोललं नाही. मिस्टर ह्यूजनी तर दुसरी चकती मागून घेतली, तुझ्याकडं बघून हसले आणि मग बाहेर जाऊन ओकले.” तो खाली बघत म्हणाला, “मग म्हटलं, हे काही दर वेळी चालायचं नाही. नेस्टाच्या पाया पडलो, म्हटलं तुझी भट्टी दे. तिला म्हटलं यीस्टचा शिकव. चारदा शिकवला बिचारीनं, चारदा वीट झाली. हसून हसून मेली ती. मग मला येतो तोच केला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू मला सांगितलंस का? नाकाचं?”

टेगवेननं डोक्यावरच्या रुमालाची गाठ आवळली.

“मार्चमध्ये तू विणत बसली होतीस,” तो म्हणाला, “आणि पाठीमागं शेगडीवर दूध जळत होतं. मी अंगणातून धावत आलो. तू म्हणालीस, ‘काय झालं पळायला?’ तेव्हाच कळलं. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तू नाही सांगितलंस, म्हणजे तुला नको असेल. मग मी तरी कशाला विषय काढू?”

ती रडली मग. वाटेतच, मेंढ्यांच्या देखत, लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून मनसोक्त रडली. एल्वेद शेजारी उभा राहून टोपी काढत आणि घालत होता.

“आणि माझे पाव?” तिनं नाक पुसत विचारलं. “एवढे पाव नेलेस, टाकलेस कुठं?”

“पहिला मेंढ्यांपुढं टाकला. त्यांनी हुंगला आणि तोंड फिरवलं.” तो ओशाळला. “ते काही मला बघवलं नाही. तुझ्या हातचं, आणि मेंढी नको म्हणते! म्हणून मग पुढचे मीच खाल्ले.”

“सगळे?”

“सोडा घेऊन.”

घरी आल्यावर तिनं रुमालसुद्धा सोडला नाही. सरळ फडताळापाशी गेली, बेदाण्यांचा डबा काढला, झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरला. “सांग.”

त्यानं हुंगलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. तेवढ्यावर तिला कळलं. डबा तिनं मागच्या दाराबाहेर ठेवला, रॉकेलचा कॅन एल्वेदकडून शेडमध्ये टाकवला आणि दुकानातून आणलेली बेदाण्यांची कोरी पिशवी फोडली. पिशवीही त्याच्या नाकाखाली धरली. मग मसाल्याची डबी. मग चरबी. प्रत्येक वेळी तो मान हलवून हो म्हणाला, आणि प्रत्येक वेळी ती त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघत होती, कारण सवय अशी एका दिवसात जात नाही.

“बेदाणे भिजत घालू का?” त्यानं हळूच विचारलं. “चहा गरम आहे.”

“खबरदार!” टेगवेन म्हणाली आणि यीस्टची बरणी उघडून तीही त्याच्या पुढं धरली. “हुंग. नाक तुझं वापरीन मी, एल्वेद बेनन. पण पाव माझाच होणार.”